नायट्रोजनच्या खोलीतलं बोलणं

सुजाता,

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी जागची उठलेच नाही. माईक माझ्यापर्यंत आला होता. तुझ्या नणंदेनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, तुम्हीच तर तिला सगळ्यात जास्त ओळखत होता, बोला ना. मी मान हलवली आणि माईक शेजारी सरकवला. शेजारी तुमच्या गल्लीतले एक गृहस्थ होते. त्यांची तुझी कधी धड ओळख झाली असेल असं मला वाटत नाही, पण ते भरपूर बोलले. तू फार मनमिळाऊ होतीस म्हणे. मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं. लोकांना वाटलं मी रडतेय. मीही त्यांचा समज दूर केला नाही.

कार्यक्रम संपल्यावर अनिलराव खुर्च्या रचत होते. स्वतःच्या बायकोच्या कार्यक्रमात कुणी खुर्च्या रचतं का? पण त्यांना कुणी अडवलं नाही. मी चपला शोधत होते, तेव्हा एक खुर्ची हातात तशीच धरून ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "नीलाताई, एक विचारायचं होतं. तिला तिच्या आजाराचं कधी कळलं होतं?"

मी म्हटलं, रविवारी घरी येते, तेव्हा बोलू. ते 'बरं' म्हणाले आणि खुर्ची ठेवायला गेले.

आज बुधवार. रविवारपर्यंत मला ठरवायचंय. तुला कधी कळलं होतं ते मला माहीत आहे, आणि त्यांना माहीत नाही. तू मला सांगितलंस आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस. आणि जिथे सांगितलंस तिथलं बाहेर बोलायचं नाही, असं आपलं ठरलेलं. तू गेलीस आणि मला या कोंडीत ठेवून गेलीस. तुझ्यावर एवढी चिडले आहे की विहारात बोलले असते तर तेच तोंडातून निघालं असतं. म्हणून लिहितेय. दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं, म्हणून तुला माहीत असलेल्या चार गोष्टीही लिहितेय. त्या वाचून 'हे काय, मला शिकवतेस?' असं म्हणू नकोस.

आपल्या संस्थेत बुरश्या सांभाळायचं काम तुझ्यामाझ्याकडे होतं. देशभरातून आलेल्या बुरश्या: मातीतल्या, उसाच्या चिपाडातल्या, सडक्या लाकडावरच्या, कुणाच्या भिंतीवरच्या. त्या जिवंत ठेवायच्या, कुणी मागितल्या तर द्यायच्या, एवढंच काम. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं, बुरशी तर न सांगता येते. नको असते तेव्हा येते. हवी असते तेव्हा काचेच्या नळीत खाऊ घालून, दर काही महिन्यांनी नव्या नळीत हलवून, वर्षानुवर्षं तिच्या मागे राहावं लागतं. आपण दोघी नोकरीला लागलो तेव्हा हेच करायचो. एका टोकाकडून सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत हलवायच्या लायकीचं झालेलं असायचं. दोघींपैकी एक रजेवर गेली की दुसरी अडकलीच. तुझ्या भावाच्या लग्नाला मी नव्हते आणि माझे वडील गेले तेव्हा तू स्मशानात नव्हतीस. तू नळ्या हलवत होतीस.

तू खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, आणि मी पेठेतली. माझ्या आईनं पहिल्याच आठवड्यात तुझं आडनाव विचारलं होतं. कशासाठी ते मला कळत होतं, म्हणून मी विसरले असं सांगितलं. हे तुला सांगितल्यावर तू रागावशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, पुढच्या वेळी सांग, पेनिसिलियम. पुढे आई सगळंच विसरायला लागली. तू घरी आलीस की दर वेळी ती तुला आडनाव विचारायची आणि तू दर वेळी वेगळ्या बुरशीचं नाव सांगायचीस. आई गंभीरपणे म्हणायची, हो का, म्हणजे कोकणातल्या का तुम्ही? आपण दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसायचो. त्या दिवसांत त्या घरात दुसरं कुणी हसत नव्हतं.

मग नायट्रोजनची टाकी आली. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज छापून येत होतं, तेव्हाची गोष्ट. जीन्सचं कापड धुऊन मऊ करायला एक कंपनी आपली बुरशी मागायला आली होती. टाय लावलेली माणसं तुझ्या नळ्यांकडे सोन्याच्या दुकानात बघावं तसं बघत होती. संस्थेला अचानक वाटलं की आपल्याकडे काहीतरी मोलाचं आहे, ते नीट ठेवलं पाहिजे. म्हणून टाकी. आत द्रवरूप नायट्रोजन, इतका थंड की त्यात बुरशीचं वाढणं, म्हातारं होणं, मरणं, सगळं थांबतं. तू आनंदानं वेडी व्हायची बाकी होतीस. एकदा गोठवलं की सुटलो आपण, नीला, असं तू आठवडाभर म्हणत होतीस. दोघी मिळून अजिंठ्याला जाऊ. तू नवऱ्याला आणू नकोस, मी पण नाही आणत.

अजिंठ्याला आपण गेलो नाही. कारण नायट्रोजन उडून जातो. झाकण कितीही घट्ट असलं तरी तो हळूहळू कमी होतो, आणि ठरलेल्या वारी तो ओतावाच लागतो, नाहीतर आतलं सगळं गेलं. आणि तो एकटीनं ओतता येत नाही. टाकीची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली, तिला खिडकी नाही. नायट्रोजन उडाला की खोलीतली हवा मागे हटते आणि माणसाला काही कळायच्या आत भोवळ येते. म्हणून एकीनं आत, एकीनं दारात. आधी नळ्यांनी बांधलं होतं, आता टाकीनं. आधी निदान एक जण तरी रजा घेऊ शकत होती.

सुरुवातीला मी दारात उभी राहून नळ्यांची नावं तपासत बसायचे. एकदा आतून काहीच आवाज येईना म्हणून मान वर केली, तर तू गुडघ्यांवर बसली होतीस आणि तुझा हात टाकीच्या कडेला होता. मी तुला बखोटीला धरून बाहेर ओढलं. जिन्यात बसून तू श्वास घेतलास आणि पहिलं वाक्य बोललीस ते झाकण लावलं का, हे. मग म्हणालीस की आता नियम. आत असेल तिनं सारखं बोलत राहायचं. बोलणं थांबलं की दारातलीनं आत यायचं.

तो नियम होता म्हणून आपली मैत्री झाली, असं मला आता वाटतं. आधी आपण फक्त सहकारी होतो. पण ओतायला, रॅक वर काढायला, नळ्या शोधायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सतत बोलायला माणूस बुरश्यांबद्दल किती बोलणार? आधी भाजीचे भाव झाले, सासरचे झाले, मग जे कुठेच बोललो नव्हतो ते बोलू लागलो. तोंडावर मास्क, पाठ दाराकडे, समोर पांढरा धूर. कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसलं की बोलता येतं. आणि दारातलीनं फक्त 'हं' म्हणायचं. बाहेर आल्यावर त्याबद्दल एक शब्द नाही. आतलं आत, असं तू म्हणालीस आणि तसाच पायंडा पडला.

आजाराच्या पाचव्या वर्षी आईला मी कोण ते कळेनासं झालं होतं. ती रात्रभर हाका मारायची आणि मी समोर उभी असले तरी मारायची. एक दिवस आत रॅक धरून मी बोलून गेले की आता ही गेली तर बरं. सुजाता, मी ते बोलल्यावर माझा आवाज बंद झाला. दारातून तू म्हणालीस, हं, पुढे बोल, थांबू नकोस. मी पुढे बोलले. काय ते आठवत नाही. बाहेर आल्यावर तू हातमोजे वाळत टाकलेस आणि विचारलंस, उसळ कुणी आणलीय आज? आई गेली तेव्हा तू घरी आलीस, शेवटपर्यंत बसलीस, पण ते वाक्य तुझ्या डोळ्यांतसुद्धा दिसलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. म्हणूनच आता तुझं आतलं बाहेर काढायचं म्हटलं की जीभ उचलत नाही.

तू आत काय बोलायचीस? जास्त करून अनिलरावांबद्दलच बोलायचीस. पिंपरीच्या कारखान्यानं त्यांना पैसे देऊन घरी बसवलं, तेव्हा ते रोज सकाळी ठरल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी परत येत, कुठे जातात ते सांगत नसत, हे तू आत सांगितलंस. मग त्यांनी आळंदी रस्त्यावर इंटरनेटचं दुकान काढलं, चार कॉम्प्युटर आणि प्लायवुडचे आडोसे. पोरं निकाल बघायला रांग लावायची. ते चाललं तेव्हाचा तुझा आवाज मला आठवतो. मग घराघरात इंटरनेट आलं आणि दुकान रिकामं झालं. तेही तू आतच सांगितलंस. घरी तू त्यांना एकदाही विचारलं नाहीस की दुकान बंद करणार का. ते कधीतरी स्वतःच सांगतील म्हणून वाट बघितलीस, आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्यासाठी तुझ्याकडे एवढा धीर होता. माझ्यासाठी कधीच नव्हता.

आपलं खरं भांडण अळंब्यांवरून. बहुतेक बुरश्या गोठून सुखात राहतात. पण अळंबीच्या जातीतल्या काही अशा असतात की वितळवल्यावर उठतील याची खात्री नाही. माझं म्हणणं होतं, त्या नळीतही वाढवत ठेवू, डोळ्यांसमोर. तुझं म्हणणं होतं, सगळं गोठव आणि नळ्या फेकून दे, त्या आपला जीव खातात. वीज गेली की फ्रीजमधल्या नळ्यांचं काय होतं ते तू मला भारनियमनाच्या दिवसांत रोज ऐकवायचीस, कारण टाकीला वीज लागत नाही. या एका गोष्टीवरून आपण किती वर्षं भांडलो ते देवाला, म्हणजे माझ्या देवाला, ठाऊक. तू मला हट्टी म्हणायचीस. मी तुला आळशी म्हणायचे. दोघींचंही बरोबर होतं.

आणि मग तो दिवस. दसरा होऊन गेला होता. तू आत होतीस, मी दारात. तू पट्टी बुडवून बघितलीस, जिथपर्यंत पांढरी होते तिथपर्यंत नायट्रोजन, आणि म्हणालीस की बराच खाली गेलाय. मग नणंदेच्या मुलाच्या नव्या नोकरीबद्दल बोललीस, त्याला हिंजवडीला नेणारी बस पहाटे येते आणि तो डबा विसरतो. मग त्याच सुरात, एक वाक्य संपून दुसरं सुरू होताना, म्हणालीस की डाव्या बाजूला गाठ आहे, तपासून आले, चांगली नाही म्हणाले. आणि मग, ती खालची रॅक अडकलीय वाटतं.

माझ्या तोंडून सवयीनं 'हं' गेलं. मग मी आत आले. नियमानं आत यायचं ते बोलणं थांबलं तर. तुझं थांबलं नव्हतं, तरी आले आणि तुझ्या मनगटाला धरून बाहेर काढलं. अनिलरावांना सांगितलंस का, विचारलं. तू हातमोजा काढत म्हणालीस, "आतलं आत."

"हे आतलं नाहीये, सुजाता."

"आहे. सांगितलं की घरात पसरेल. आत्ता गोठलंय, राहू दे दिवाळीपर्यंत."

हे तू बोललीस. आयुष्यभर बुरश्या गोठवणारी बाई, आणि तुला वाटलं हेही तसंच होईल. त्या खोलीत ठेवलेलं वाढत नाही अशी तुझी समजूत होती. दुसऱ्या कुठल्या बाईनं अशी चूक केली नसती, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गोष्टी अशा थांबत नाहीत. मी आवाज चढवला, तू माझ्याहून चढवलास, वरच्या मजल्यावरचा शिपाई वाकून बघून गेला. शेवटी तू म्हणालीस की बाहेर एक शब्द जरी काढलास तर तुझं आईबद्दलचं मला माहीत आहे हे विसरू नकोस. मी गप्प झाले. तू तसं कधी केलं नसतंस, हे तेव्हाही मला माहीत होतं. तरी गप्प झाले.

तुम्ही दोघं दिवाळीत हरिहरेश्वरला गेलात. त्या वेळी शिपायाला दारात उभं करून मी टाकी सांभाळली. परत आल्यावर तू घरी सांगितलंस, ऑपरेशन झालं, मग ते औषधांचे महिने. डॉक्टर म्हणाले की त्या थोड्या उशिरानं फरक पडलाच असेल असं नाही. पडला नसेल असंही ते म्हणाले नाहीत. अनिलरावांना त्यातला 'उशीर' हा शब्द खुपत असणार, म्हणूनच त्यांना तारीख हवीय.

त्या दिवसानंतर मी तुझ्याशी भांडले नाही. कुणाशी भांडायचं, तुझे केस गेलेले, चेहरा पिवळा. तुला डबा आणायचे, तू बसलेली असलीस की खुर्चीला उशी लावायचे. एकदा तू मुद्दामच अळंब्यांचा विषय काढलास. फेकल्या का नळ्या, विचारलंस. मी म्हटलं, तुझंच बरोबर आहे, टाकते. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आता तूही गोड बोलायला लागलीस? जा, तिकडे लांब बस." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं, औषधांनी चिडचिड होतेय. मला फार लागलं होतं ते.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तू हॉस्पिटलमध्ये होतीस, आवाज खोल गेलेला. तू विचारलंस, पट्टी बुडवलीस का, कुठवर पांढरी झाली? मी म्हटलं, अर्ध्याच्या वर. तू 'बरं' म्हणालीस आणि फोन अनिलरावांकडे दिला. एवढ्या वर्षांच्या शेवटी 'अर्ध्याच्या वर'. मी त्यावर किती वेळा रडले ते तुला कळू नये. तू हसशील.

तू गेल्यावर संस्थेनं त्या खोलीत हवा मोजायचं यंत्र लावलं. दहा वर्षं मागत होतो, तेव्हा पैसे नव्हते. आता हवा कमी झाली की ते कोकलतं, म्हणून आत कुणी बोलायची गरज नाही. मंगळवारी मी आत गेले. दारात एक नवा सहायक उभा होता, तो फोन बघत होता. मी गप्प राहून नायट्रोजन ओतला.

इथपर्यंत बुधवारी लिहिलं होतं. आज रविवार आहे. संध्याकाळी विश्रांतवाडीहून, तुमच्या घरून, परत आले आणि पुढचं लिहितेय.

जाताना बसमध्ये मी ठरवत होते. त्यांना सांगावं की नको, सांगितलं तर किती, कुठून सुरुवात करावी. मग आपल्या कामातली गोष्ट आठवली. गोठवायचं सावकाश, पण वितळवायचं झटकन, कोमट पाण्यात, एका दमात. वितळवताना रेंगाळलं की जे जगलं असतं तेही मरतं. हे तूच मला शिकवलंस. त्यामुळे दार उघडल्यावर, चपला काढायच्या आधी, मी सांगून टाकलं. अनिलराव, तिला दसऱ्यानंतर कळलं होतं. दिवाळीच्या आधी. मला सांगितलं होतं, आणि कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं.

ते दारातच उभे राहिले. मला वाटलं आता ते मला बाहेर जा म्हणतील, आणि मी गेले असते. त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. घर स्वच्छ होतं. कुणीतरी रोज येऊन आवरत असणार. टीव्हीच्या वर भिंतीला तुझा फोटो होता, त्यात तू कुणावर तरी चिडलेली दिसतेस. तो फोटो कुणी निवडला देव जाणे, पण बरोबर निवडलाय.

अनिलराव म्हणाले, म्हणजे हरिहरेश्वरला गेलो तेव्हा तिला माहीत होतं. मी हो म्हटलं. मग त्यांनी तिथलं सांगितलं. परतीची एस.टी. चुकली, कारण तू खडकांवर वाळलेल्या लाकडांवरची बुरशी गोळा करत बसलीस आणि हाका मारल्या तरी आली नाहीस. ते स्टँडवर सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. तूही ओरडलीस. पुढच्या गाडीपर्यंत दोघं बाकाच्या दोन टोकांना पाठ करून बसलात. मग तू उठून भेळ आणलीस, एकच पुडा, आणि मध्ये ठेवलीस.

"माहीत असतं तर मी ओरडलो नसतो, ताई," ते म्हणाले. "ओरडलो नसतो ना?"

तुझं ते 'लांब बस' माझ्या कानात वाजलं. तुला तेवढंच हवं होतं, सुजाता. कुणीतरी तुझ्यावर नेहमीसारखं ओरडावं, कुणीतरी तुला आळशी म्हणावं. त्यांच्यापासून लपवलंस म्हणून ते तुला दिवाळीभर मिळालं. मला सांगितलंस आणि त्या दिवसापासून मी तुझ्यापाशी पाहुण्यासारखी वागायला लागले.

अनिलराव रडत नव्हते. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. गेले काही आठवडे त्यांच्याशीही सगळे तसेच वागत असणार. तुझी नणंद, शेजारी, विहारातली मंडळी. जेवलात का, झोप लागते का, जपा स्वतःला. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तुझी लोणच्याची बरणी उघडी होती, आत चमचा तसाच, आणि तो ओला. वर पांढरा पापुद्रा धरलेला, कडेला हिरवट.

मी तिथूनच ओरडले. अहो, लोणच्यात ओला चमचा घातलात? बुरश्या सांभाळणाऱ्या बाईशी एवढी वर्षं संसार केलात, आणि एवढं कळत नाही? टाकून द्या हे आत्ताच्या आत्ता, विष आहे.

ते उठून दारात आले. क्षणभर त्यांना काय झालं तेच कळेना. मग त्यांचा आवाज चढला. "टाकायचं नाही. तिच्या हातचं शेवटचं आहे ते."

मी म्हटलं, शेवटचं असलं म्हणून काय तुम्ही त्यानं आजारी पडायचं? ते म्हणाले, ती असती तर तिनं आधी ती बुरशी काडीनं उचलून लॅबमध्ये नेली असती आणि मग मला शिव्या घातल्या असत्या, तुम्ही थेट शिव्यांवर आलात. मी म्हटलं, द्या ती बरणी इकडे. त्यांनी ती छातीशी धरली. म्हणाले, वरचं काढून टाकतो, खालचं चांगलं आहे. मी म्हटलं, खालचंही गेलंय, बुरशी वर दिसते तेवढीच नसते, आत मुळं गेलेली असतात, हे तुमच्या बायकोनं तुम्हाला कधी सांगितलं नाही का? ते म्हणाले, सांगितलं, पण ती तुमच्यासारखी पेठेतल्या थाटात नव्हती सांगत. मी म्हटलं, पेठेला मध्ये आणू नका. आमचा आवाज एवढा झाला की समोरच्या बाई दार लोटून आत आल्या, काय झालं म्हणून. त्या माझ्याकडे असं बघत होत्या की ही कोण बया, दुःखातल्या माणसाशी भांडतेय.

अनिलराव त्यांना म्हणाले, काही नाही, वहिनी, या तिच्या मैत्रीण आहेत. आणि मग ते रडले. बरणी हातात धरून, उभ्या उभ्याच. मीही रडले. त्या बाईंनी दोघांना पाणी दिलं आणि गेल्या.

निघताना त्यांनी विचारलं की पुढच्या रविवारी येणार का. मी म्हटलं, बरणी टाकली असेल तरच येईन. ते म्हणाले, मग येऊ नका.

पुढच्या रविवारी मी जाणार आहे. बरणी त्यांनी टाकलेली नसणार.